एंजिनातील ठोका : निदान व इतिहास

अंतर्ज्वलन-एंजिन चालू असताना त्याच्या नेहमीच्या लयबद्ध आवाजाहून वेगळा, धातूवर आघात केल्यासारखा जो आवाज ऐकू येतो, त्यास ठोका असे म्हणतात. ठोक्याचे दोन मुख्य वर्ग पडतात. झिजलेल्या वा सैल झालेल्या भागांमधील फटीमुळे होणारा तो यांत्रिक ठोका आणि सिलिंडरातील इंधन-हवा मिश्रण अनियमितपणे पेटल्यामुळे होणारा तो ज्वलनाचा ठोका होय. दोन्ही आवाज ऐकण्यास पुष्कळदा सारखेच वाटतात. परंतु त्यांची कारणे, त्यांपासून उद्‌भवणारे धोके आणि त्यांवरील उपाय ही सर्वस्वी भिन्न आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी हा भेद नीट उमगला नव्हता. तो उमगण्याचा इतिहास हा मोटार-अभियांत्रिकीच्या प्रगतीचा इतिहास आहे; त्याचबरोबर आवाज बंद करणे म्हणजे दोष दूर करणे असे मानल्याने काय घडते, याचेही ते एक ठळक उदाहरण आहे.

आवाजावरून निदान : यंत्राच्या आवाजावरून त्याच्या अंतर्भागातील हालचाल ओळखता येईल, ही कल्पना मोटारगाडीहून पुष्कळ जुनी आहे. रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) या इंग्रज शास्त्रज्ञांनी ती मांडली होती व त्यांच्या मृत्यूनंतर १७०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखसंग्रहात ती आढळते. रने लायनेक (१७८१–१८२६) या फ्रेंच वैद्यांनी १८१६ मध्ये स्टेथॉस्कोपचा शोध लावून शरीराच्या बाबतीत ती प्रत्यक्षात आणली. मोटारदुरुस्तीच्या व्यवसायात याच तत्त्वाचा सर्वांत साधा वापर म्हणजे लांब पेचकसाचे टोक एंजिनाच्या ठोकळ्यावर टेकवून त्याची मूठ कानाच्या मागील हाडास लावणे हा होय. घन पदार्थातून ध्वनी चांगला वाहत असल्याने, बाहेरच्या गोंगाटातही आवाज कोठे सर्वांत स्पष्ट आहे हे यामुळे कळते. रबरी नळ्यांऐवजी धातूची सळई बसविलेला स्टेथॉस्कोपही याच कामासाठी वापरतात.

मात्र जागा कळणे म्हणजे कारण कळणे नव्हे. ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यातून ध्वनी सर्वत्र पसरतो व पुष्कळदा मूळ जागेपासून दूर अधिक मोठा ऐकू येतो. म्हणून अनुभवी मेस्त्री केवळ ऐकत नाहीत, तर एंजिनाच्या स्थितीत एका वेळी एकच बदल करून आवाजात काय फरक पडतो ते पाहतात. वेग, भार, तापमान व त्या त्या सिलिंडरातील प्रज्वलन ही या पद्धतीतील चार प्रमुख बदलती अंगे होत.

यांत्रिक ठोके : जुन्या चार सिलिंडरांच्या एंजिनात दट्ट्या, म्हणजेच मेस्त्रींच्या भाषेतील पिस्टन, सिलिंडरात वरखाली होतो. संयोगदांड्याच्या द्वारे त्याची गती भुजादंडास मिळते व तेथे ती चक्रीय होते. हे भाग ज्यांवर टेकून फिरतात त्या धारव्यांमध्ये, म्हणजे बेअरिंगांमध्ये, वंगणतेलाच्या पातळ थरापुरती फट ठेवलेली असते. ही फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. ६८ मिमी. व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सु. ३६ चौ. सेंमी. असते. ज्वलनाच्या वेळी दर चौ. सेंमी.वर ३० किग्रॅ. दाब आला, तरी दट्ट्यावर एक टनाहून अधिक भार एकदम पडतो. फट थोडी जरी वाढली, तरी या भाराने धातूवर धातू आपटतो आणि ठोका ऐकू येतो.

यांत्रिक आवाजांमध्ये झडपांचा टकटकाट सर्वांत सामान्य व बहुधा सर्वांत कमी धोक्याचा असतो. चतुर्धाव एंजिनातील कॅम दंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे झडपेचा हलका, कोरडा टकटक आवाज एंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या लयीत येतो. झडपेचे टोक व तिला दाबणारी तरफ यांच्यामधील फटीत जाडी मोजण्याचे पातळ पाते सरकविताच आवाज थांबला, तर दोष त्याच झडपेपाशी आहे असे निश्चित होते. निष्कास नळाच्या जोडातून वायू निसटत असल्यासही जवळजवळ असाच आवाज येतो; परंतु तो भार वाढविल्यावर वाढतो आणि पाते सरकविल्याने त्यात फरक पडत नाही.

दट्ट्या सैल झाला असल्यास तो सिलिंडराच्या भिंतीवर कलतो व आपटतो. हा आवाज बोथट असून थंड एंजिनात अधिक येतो. ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा दट्ट्या तापून प्रसरण पावला की तो कमी होतो. ठिणगी गुडदी, म्हणजे प्लग, काढून सिलिंडरात थोडे जाड तेल सोडल्यावर काही काळ आवाज मंदावला, तर निदान पक्के समजतात. दट्ट्या व संयोगदांडा यांना जोडणारी खीळ सैल असल्यास मंद वेगात जलद असा दुहेरी ठोका येतो.

संयोगदांड्याच्या मोठ्या टोकाचा धारवा झिजणे हे अधिक गंभीर होय. एंजिन तापल्यावर, मध्यम वेगात असताना वेगनियंत्रक एकदम सोडला की हा ठोका स्पष्ट होतो, कारण त्या क्षणी दांड्यावरील बलाची दिशा बदलते. जुन्या प्रज्वलन पद्धतीत निरोधक मुठीच्या पेचकसाने एकेका गुडदीची ठिणगी एंजिनाच्या धातूकडे वळवून तो सिलिंडर तात्पुरता निष्क्रिय करीत. ज्या सिलिंडराच्या वेळी ठोका मंदावतो, त्याचा धारवा दोषी ठरतो. भुजादंडाच्या मुख्य धारव्याचा ठोका याहून खोल व जड असतो आणि चढावर किंवा जड भाराखाली येतो. एकच सिलिंडर बंद केल्याने तो फारसा बदलत नाही. परंतु त्या धारव्याच्या दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकाच वेळी बंद केल्यास तो मंदावतो. या दोन्ही दोषांत वंगणतेलाचा दाबही सामान्यतः घटलेला असतो. असे एंजिन तसेच चालवीत राहिल्यास धारवा वितळून संयोगदांडा तुटण्याचा व ठोकळा फुटण्याचा संभव असतो.

एंजिनाच्या पुढील भागातील खडखडाटाचे कारण कॅम दंड चालविणारी सैल साखळी असू शकते. तसेच पाण्याचा पंप किंवा डायनामो यांचे झिजलेले धारवेही असू शकतात. पंख्याचा पट्टा काढून एंजिन केवळ काही क्षण चालविल्यास यांतील भेद करता येतो. पट्टा काढल्यावर आवाज थांबला, तर तो एंजिनाच्या अंतर्भागातील नव्हे.

ज्वलनाचा ठोका व त्याविषयीचा वाद : चढावर किंवा कमी वेगात वेगनियंत्रक पूर्ण दाबला असता येणारा, काचेवर खडे पडल्यासारखा तीव्र व किणकिणता आवाज मात्र वरीलपैकी कोणत्याही कसोटीत बसत नाही. सर्व धारवे नवे असतानाही तो येतो. १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स फ्रँक्लिन केटरिंग (१८७६–१९५८) यांनी कॅडिलॅक मोटारीसाठी बॅटरीवर चालणारी प्रज्वलन पद्धती तयार केली व १९१२ च्या प्रतिमानात विद्युत् आरंभकही बसविला. त्याच सुमारास एंजिनांतील संपीडन वाढत होते व ठोक्याच्या तक्रारीही वाढत होत्या. त्यांचा दोष प्रतिस्पर्ध्यांनी नव्या प्रज्वलन पद्धतीवर ठेवला. इतर अनेक जण ठिणगीच्या आधीच तापलेल्या काजळीमुळे मिश्रण पेटते, म्हणजे पूर्वप्रज्वलन होते, असे मानीत.

केटरिंग यांच्या डेटन (ओहायओ) येथील प्रयोगशाळेत १९१६ मध्ये हा प्रश्न टॉमस मिजली (१८८९–१९४४) या तरुण यांत्रिक अभियंत्याकडे सोपविण्यात आला. सिलिंडरातील दाब प्रकाशकिरणाच्या साहाय्याने अखंडपणे नोंदविणाऱ्या दाबदर्शकाने त्यांनी ठोक्याच्या क्षणाचे आलेख घेतले. दाबातील आकस्मिक वाढ ठिणगीपूर्वी नव्हे, तर ठिणगीनंतर, ज्वलन बरेच पुढे गेल्यावर होते असे त्यांवरून दिसून आले. अशा रीतीने पूर्वप्रज्वलन व ठोका या दोन भिन्न घटना असल्याचे त्यांच्या प्रयोगांतून सिद्ध झाले आणि बॅटरी-प्रज्वलनावरील आरोप निराधार ठरला.

याच सुमारास इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाकडे येत होते. केंब्रिज येथे ते बर्ट्रम हॉपकिन्सन (१८७४–१९१८) यांचे विद्यार्थी होते. ठिणगीपासून निघालेली ज्योत पुढे सरकताना तिच्यापुढील न जळलेल्या वायूस दाबते व तापविते. हा वायू ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम आपोआप पेटला म्हणजे ठोका येतो, हे स्पष्टीकरण आज सर्वमान्य आहे. या आकस्मिक ज्वलनाने सिलिंडरातील वायूत दाबतरंग मागेपुढे धावू लागतात. त्यांची कंप्रता सिलिंडराच्या व्यासावर व तप्त वायूतील ध्वनिवेगावर अवलंबून असते. ६८ मिमी. व्यासाच्या सिलिंडरात ती सेकंदास सु. ८,००० भरते. ठोक्याचा आवाज धातूचा वाटत असला, तरी त्याचे मूळ वायूत असते. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत विथ्रो व रासवायलर यांनी १९३६ मध्ये स्फटिकाच्या खिडकीतून जलद छायाचित्रे घेऊन ही घटना प्रत्यक्ष दाखविली.

हा प्रश्न केवळ श्रवणसुखाचा नव्हता. ठोक्यामुळे सिलिंडराच्या भिंतीलगतचा थंड वायुस्तर विस्कळीत होऊन धातू अतितप्त होतो व प्रसंगी दट्ट्यास भोक पडते. याहून महत्त्वाचे म्हणजे ठोक्यामुळे संपीडन वाढविता येत नव्हते. आदर्श चक्राच्या हिशेबाने संपीडन गुणोत्तर ४ असता कार्यक्षमता सु. ४३% असते, तर ८ असता ती सु. ५६% होते. म्हणजे त्याच इंधनातून अधिक काम मिळण्याच्या वाटेत ठोका आडवा येत होता.

ठोक्याचे मापन : ठोका इंधनावर अवलंबून असतो हे कळल्यावर इंधनांची प्रतवारी आवश्यक झाली. रिकार्डो यांनी चालू स्थितीत संपीडन बदलता येईल असे प्रायोगिक एंजिन तयार केले व ठोका न येता प्रत्येक इंधनास कितपत संपीडन सोसते ते मोजले. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांनी ऑक्टेन अंकाची कल्पना मांडली. तीत आयसोऑक्टेनास १०० व नॉर्मल हेप्टेनास ० अंक देऊन, त्यांच्या मिश्रणांशी तुलना करून कोणत्याही पेट्रोलाचा अंक ठरविला जातो.

यासाठी प्रमाणित एकसिलिंडरी एंजिन बनविण्यात आले. परंतु प्रयोगशाळेतील अंक व रस्त्यावरील अनुभव यांचा मेळ बसेना. म्हणून १९३२ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील यूनियनटाउन येथील डोंगरी रस्त्यावर अनेक मोटारी निरनिराळ्या पेट्रोलांवर चालवून ठोक्याची तुलना करण्यात आली. तिच्याशी जुळतील अशा बेताने प्रयोगशाळेतील कसोटीची परिस्थिती बदलण्यात आली आणि मोटार पद्धती या नावाने ओळखली जाणारी दुसरी कसोटी अस्तित्वात आली. रस्त्यावर प्रत्यक्ष ऐकू येणारा ठोका हाच अशा रीतीने उपकरणाच्या मोजमापाची अखेरची कसोटी ठरला.

शिशाचा उपाय व त्याचे परिणाम : मिजली यांचे पहिले यश चुकीच्या कल्पनेतून आले होते. केरोसिनास लाल रंग दिल्यास ते उष्णता अधिक शोषील व ठोका थांबेल, असे त्यांना वाटले. हाताशी रंग नसल्याने त्यांनी आयोडीन वापरले आणि ठोका थांबला. रंगांनी मात्र काहीच होईना. परिणाम रंगाचा नसून पदार्थाचा होता. आयोडीन महाग व क्षरणकारक असल्याने पुढे असंख्य पदार्थांची चाचणी घेण्यात आली आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे संयुग अत्यंत परिणामकारक ठरले. त्याच्या विघटनाने निर्माण होणारे लेड ऑक्साइडाचे सूक्ष्म कण स्वयंप्रज्वलनास कारणीभूत होणाऱ्या शृंखला-विक्रिया खंडित करतात. एका अमेरिकन गॅलनास जास्तीत जास्त ३ घ. सेंमी. इतकी अल्प मात्रा पुढे ठरविण्यात आली. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटन येथे या पेट्रोलाची विक्री सुरू झाली.

सिलिंडरात शिशाचा थर साचू नये म्हणून पेट्रोलात ब्रोमीनचे संयुगही मिसळावे लागे. त्यामुळे शिसे बाष्पशील होऊन निष्कास वायूबरोबर बाहेर पडे. एंजिन स्वच्छ राहण्यासाठीच शिसे हवेत सोडण्याची ही योजना होती. शिशाचे विषारीपण तर प्राचीन काळापासून ज्ञात होते. स्वतः मिजली यांना १९२३ च्या आरंभी शिशाच्या विषबाधेमुळे रजा घ्यावी लागली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्टावस्थेत मरण पावले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजली यांनी वार्ताहरांसमोर हे द्रव्य हातावर ओतून त्याची निर्धोकता दाखविण्याचा प्रयत्न केला. विक्री काही काळ थांबविण्यात आली आणि मे १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे शासकीय परिषद भरली. तीत ॲलिस हॅमिल्टन (१८६९–१९७०) या औद्योगिक वैद्यकाच्या तज्ञ महिलेने या इंधनास विरोध केला. तथापि सर्वसाधारण जनतेस धोका असल्याचा पुरावा मिळाला नाही, असा निष्कर्ष पुढील चौकशीतून निघाला व १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

या संदर्भात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अल्कोहॉल व बेंझॉल मिसळल्यानेही ठोका थांबतो, हे मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांना १९२१ पर्यंत ठाऊक झालेले होते. परंतु त्यांचे प्रमाण बरेच अधिक ठेवावे लागे आणि अल्कोहॉलमिश्रणाचे एकस्व घेण्यासारखे नव्हते. शिसे अत्यल्प लागे, स्वस्त पडे व त्यावर हक्क राखता येत असे. निदान अचूक झाले होते. उपाय निवडताना मात्र एंजिनापलीकडील देह हिशेबात धरला गेला नाही.

पृथ्वीचे वय शिशाच्या समस्थानिकांवरून निश्चित करणारे भूरसायनज्ञ क्लेअर पॅटरसन (१९२२–१९९५) यांना आपल्या मोजमापांत सर्वत्र शिशाचे प्रदूषण आढळले. आधुनिक मानवाच्या शरीरातील शिशाची पातळी नैसर्गिक पातळीहून कितीतरी पट अधिक असल्याचे त्यांनी १९६५ मध्ये दाखविले. बालकांच्या बौद्धिक वाढीवर शिशाचा अनिष्ट परिणाम होतो, हे पुढील संशोधनांतून दिसून आले. १९७५ पासून अमेरिकेत निष्कास वायू शुद्ध करणारी उत्प्रेरकी साधने मोटारींना बसू लागली. शिशामुळे ती निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झाले. जगात मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया हा होता. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली.

भारतातील जुन्या मोटारी : भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत उत्प्रेरकी साधन असलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. त्या वेळी रस्त्यावर असलेल्या ॲम्बॅसडर व प्रीमियर पद्मिनी या मोटारींची रचना मुळात शिसेयुक्त पेट्रोलाच्या काळातील होती. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होणाऱ्या पद्मिनीचे एंजिन १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे, ६८ मिमी. व्यास व ७५ मिमी. धाव असलेले होते.

अशा जुन्या एंजिनांच्या बाबतीत निदानाचा एक नवाच प्रश्न निर्माण झाला. ज्वलनातून उरणारे शिशाचे संयुग झडप व तिची बैठक यांमध्ये पातळ थर धरून वंगणाचे काम करीत असे. तो थर नाहीसा झाल्यावर, ज्या एंजिनांत झडपेची बैठक कठीण पोलादाची नसून साध्या ओतीव लोखंडाची असते, तेथे जड भार व जास्त वेग यांखाली बैठक झिजते आणि झडप हळूहळू आत रुतते. झडप जसजशी रुतते तसतशी तिच्या टोकाशी ठेवलेली फट कमी होत जाते. परिणामी नेहमीचा टकटकाट वाढत नाही, तर उलट थांबतो. एंजिन शांत झाले म्हणून मालकास समाधान वाटते. प्रत्यक्षात झडप पूर्णपणे मिटत नसते, तप्त वायू तिच्या कडेने निसटत असतो व काही काळाने ती जळते. थोडा टकटकाट असलेली झडप निःशब्द झडपेपेक्षा बरी, असे मेस्त्री मानतात ते यामुळेच. अशा मोटारीतील झडपांची फट ठरावीक अंतराने मोजणे व दुरुस्तीच्या वेळी कठीण पोलादाच्या बैठका बसविणे हा यावरील उपाय होय.

मुंबईतील टॅक्सी पुढे संपीडित नैसर्गिक वायूवर चालू लागल्या. या वायूचा ऑक्टेन अंक १०० हून बराच अधिक असल्याने ज्वलनाचा ठोका त्यांत सहसा येत नाही. त्यामुळे अशा जुन्या टॅक्सीत ठोका ऐकू आल्यास तो बहुधा यांत्रिकच समजावा लागे. वयोमर्यादेच्या नियमानुसार शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

आधुनिक साधने : १९७०–८० या दशकाच्या अखेरीपासून काही मोटारींच्या एंजिनावर दाबविद्युत् स्फटिकाचा संवेदक बसविण्यात येऊ लागला. ठोक्याची विशिष्ट कंप्रता जाणवताच तो इलेक्ट्रॉनीय नियंत्रकास इशारा देतो व ठिणगी किंचित विलंबाने पाडली जाते. ही क्रिया इतकी त्वरित होते की, चालकास ठोका ऐकूच येत नाही. मात्र निकृष्ट इंधन किंवा साचलेली काजळी यांमुळे ठिणगी सतत मागे राहिली, तर शक्ती घटते व इंधन अधिक लागते. दोष असतो, पण त्याचा आवाज नसतो. वितरक व कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारीत असा मध्यस्थ नाही. तेथे प्रज्वलनाची वेळ थोडी मागे घेऊन ठोका थांबविता येतो. तथापि तत्पूर्वी इंधनाची प्रत, सिलिंडरातील काजळी, शीतन व्यवस्था आणि वंगणतेलाचा दाब या चारही गोष्टी तपासणे इष्ट असते. ठोका हे दोषाचे चिन्ह आहे, दोष नव्हे. म्हणून कारण निश्चित होण्यापूर्वी तो दाबून टाकू नये, हे शंभर वर्षांच्या या अनुभवाचे सार होय.